वाडींतील कीड आणि आपला विवेक

घोलवड-बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टींत चिकूच्या वाड्या दाट आहेत. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडचें. परंतु येथें तें असें रुजलें कीं २०१६ सालीं घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालें. या फळाचा एक मोठा शत्रु म्हणजे बी पोखरणारी अळी. ती फळांत शिरते, बीमधील गर खाऊन वाढते, आणि कोशांत जाण्याची वेळ आली म्हणजे फळाला भोंक पाडून बाहेर पडते. ती आंत दडलेली असल्यामुळें वरून फवारलेलें विष तिच्यापर्यंत पोंचणें कठीण. म्हणून जाणते बागाईतदार पडलेलीं किडकीं फळें व पाचोळा वेंचून नष्ट करतात, दाट फांद्या विरळ करून आंत ऊन खेळूं देतात, रात्रीं पतंगांसाठीं दिव्याचे सापळे लावतात, आणि कळ्या-पानें खाणाऱ्या अळ्यांवर निंबोळीचा अर्क फवारतात.

या उपायांना आपण नैसर्गिक म्हणतों, आणि जें नैसर्गिक तें अहिंसक, असें सहज धरून चालतों. आम्हांस हें समीकरण तपासून पाहण्याजोगें वाटतें. दिव्याच्या सापळ्यांत पतंग मरतो, आणि त्याच्याबरोबर पिकाशीं कांहींहि वैर नसलेले कीटकहि मरतात. निंबोळीचा अर्क अळीची भूक मारतो व तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवितो. १८८८ सालीं कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागा वाचविण्यासाठीं ऑस्ट्रेलियांतून ढालकिडे नेण्यांत आले. त्यांनीं बागा वाचविल्या त्या तेथील कीड जिवंत खाऊनच. शिवाय तंबाखूचा काढा हाहि झाडाचाच. पण त्यांतील निकोटीन माणसाचाहि प्राण घेऊं शकतें. तेव्हां 'निसर्गाचें तें सात्त्विक' हें सूत्र फार वेळ टिकत नाहीं.

मग कीड मारूंच नये काय? आपल्याकडे मुंग्यांना साखर घालणें पुण्याचें मानतात. उलट पारशी धर्मग्रंथ वेंदिदाद यांत अपायकारक जीवांचा नाश हेंच पुण्यकर्म सांगितलें आहे. योगायोग असा कीं, ज्या इराणी कुटुंबांनीं डहाणूकडे वाड्या वाढविल्या त्यांचीं आणि मुंग्यांना साखर घालणाऱ्यांचीं घरें येथें शेजारीं शेजारींच आहेत. या दोन श्रद्धांमध्यें निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मात्र ज्याचें वर्षाचें पोट वाडीवर अवलंबून आहे त्याला सर्वभूतदयेचा उपदेश करणारा मनुष्य स्वतः बाजारांत किडका चिकू विकत घेत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवणें बरें.

आमच्या मतें खरा भेद मारण्या-न मारण्याचा नसून, मारण्याचा भार कोणावर पडतो याचा आहे. आपल्या खेड्यांत जहाल विषालाहि 'औषध' म्हणतात, आणि 'औषध मारलें' एवढें म्हटलें कीं मन निश्चिंत होतें. पण २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर असलेंच औषध मारतांना वीसांहून अधिक माणसें विषबाधेनें दगावलीं. त्यांत शेतकरी होते, तसे रोजावर फवारणी करणारे मजूरहि होते. अळीशीं वैर मालकाचें. पंप मात्र दुसऱ्याच्या पाठीवर. मधमाशीची आणि ओढ्यांतील माशाची तर गोष्टच निघत नाहीं.

याच मुलखांत, तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं, मे १९४५ मध्यें हजारों वारली एकत्र आले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. एकाच्या लाभाचा भार दुसऱ्याच्या देहावर त्याच्या इच्छेविरुद्ध लादतां येत नाहीं, हें त्या निश्चयाचें मर्म होय. फवारणीला हीच कसोटी लावली पाहिजे. ज्या विषाचा परिणाम कोठवर जाईल हें मारणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं, तें विष या कसोटीला उतरत नाहीं. वेंचलेलें फळ आणि छाटलेली फांदी उतरते.

परंतु कसोटी एकदां मान्य केली म्हणजे ती नैसर्गिक उपायांनाहि लागू होते. पडलेलीं फळें वेंचण्यासाठीं रोज कंबर वांकवावी लागते, आणि ती कंबर बहुधा मालकाची नसते. त्या कष्टाचें पुरतें मोल न देतां विषमुक्त फळ म्हणून अधिक दाम घेणें ही जुन्या वेठीचीच सभ्य आवृत्ति होय. आणि डाग नसलेलेंच फळ हवें, तेंहि स्वस्त हवें, असा आग्रह धरणारे आपण गिऱ्हाइक या पापांतून सुटत नाहीं. कीड समूळ नाहींशी करण्याचा हट्ट सोडून तिला आवरून धरावयाचें, तर कांहीं फळें तिचीं म्हणून सोडावीं लागतील. तो तोटा बागाईतदारानें एकट्यानें कां सोसावा? चार आणे अधिक देऊन, सालीवर डाग असलेला चिकू निमूटपणें पिशवींत टाकणें, एवढा वांटा तरी आपण उचलावा.