अन्नाची शुद्धी

घरचे अन्न शुद्ध व परगृहीचे अशुद्ध, ही समजूत मी बालपणापासून बाळगली. वडील पुजारी, आईचा स्वयंपाक सोवळ्यातला. गतवर्षी शहापुराहून मुक्ताईनगरास मुक्ताईच्या दर्शनार्थ पायी निघालो असता, वाटेत एका वृद्धेने आपल्या झोपडीपुढे थांबवून कळण्याची भाकरी व ठेचा पुढे केला. भूक होती, परंतु तिची जात ठाऊक नव्हती. ‘मी बाहेरचे खात नाही,’ असे बोललो. तिने भाकरी मुकाट्याने पदराखाली झाकली.

चार पावले गेल्यावर आठवले : आदल्याच दिवशी बऱ्हाणपुरात माव्याची जिलबी खाताना मी हलवायाचे कुळ विचारले नव्हते. मग माझे सोवळे बाजारापुढे नमते आणि गरिबीपुढेच ताठ होते काय?

मुक्ताईला मांडे भाजावयास खापर मिळू नये म्हणून विसोबांनी आडकाठी केली, अशी आख्यायिका आहे. अग्नी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर प्रकटला आणि विसोबांचा अभिमान गळाला. त्याच मुक्ताईच्या वाटेवर मी पूर्वीचा विसोबा झालो होतो!

वाचकहो, स्वच्छता अवश्य पाहावी, पथ्यही पाळावे. परंतु देणाऱ्याची जात पाहणे ही शुद्धी नव्हे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने दुकाने व उपाहारगृहे सर्वांस खुली केली. मनाचे दार मात्र ज्याचे त्यानेच उघडावयाचे असते.

परतताना त्या झोपडीचे दार बंद होते. क्षमा मागावयाची राहूनच गेली आहे.