जिभेला न कळणारा माल

२०२३ सालची कार्तिकी करून आम्ही पुण्यास आलो, तेव्हा मार्केट यार्डातील एका गाळ्यावर हरिपाठास जाण्याचा योग आला. गाळा भुसार विभागातला. शेठ आमचे जुने स्नेही. गळ्यात माळ, वडिलांपासून पंढरीची वाट न चुकलेली. वडिलांची पेढी नाना पेठेत होती. बाजार गुलटेकडीला हलला तशी पेढीही हलली. हळद, धणे, मिरची यांची आडत. हरिपाठ झाला, प्रसाद वाटला, हमाल मंडळी उठून गेली आणि शेठ हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू का? सत्तेचाळीस वर्षांचा झालो. आता ही आडत धाकट्या भावाकडं द्यावी आणि औषधं बनवायच्या कारखान्यात पडावं म्हणतो. हे स्वधर्म सोडणं होतं का हो?"

आम्ही कीर्तनकार माणसे. उत्तर तोंडातच असते. सावता महाराजांचा मळा सांगितला, गोरोबांचे चाक सांगितले, सेना महाराजांची धोकटी सांगितली. हातातले काम न सोडता देव भेटतो, तर काम बदलायचे कशाला? शेठ ऐकून थोडे हसले. "आणि तुकोबाराय? ते तर वाणीच होते. दुष्काळात दुकान बसलं, कर्जखतं इंद्रायणीत सोडली. पुन्हा तराजू धरला का त्यांनी?"

आम्ही गप्प बसलो. वाचकांपैकी कोणी म्हणेल, तुकोबांनी धंदा सोडला तो देवासाठी, शेठ सोडतात तो कारखान्यासाठी. म्हणणे खरे आहे. पण शेठनी काही लपवले नाही. अर्धे कारण पोटाचे होते, आडतीत पूर्वीचे राहिले नव्हते. अर्धे मनाचे होते. २०२१ च्या साथीत घरातल्या माणसाच्या एका औषधासाठी रात्रभर गावभर हिंडावे लागले, ते डोक्यातून जाईना. ओळखीतल्या एका औषधशास्त्राच्या पदवीधराचा शहराबाहेर खोकल्याच्या औषधाचा लहानसा कारखाना होता. त्यास भांडवल हवे होते आणि हिशेबाचा माणूसही.

वयाची अडचण आम्हांस कधीच वाटली नाही. केशव विष्णु पेंढरकर नागपुरास किराणा दुकान चालवीत. पुढे मुंबईस आले आणि १९५२ साली, पन्नाशी उलटल्यावर, 'विको' काढून आयुर्वेदिक दंतमंजन करू लागले. मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकलेला, त्याने तो धंदा वाढवला. उलट दिशेचे उदाहरण तर यार्डाच्या पायाशीच आहे. डॉ. बाबा आढाव यांनी चालती वैद्यकी सोडली आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यांची हमाल पंचायत उभी केली. तेव्हा शेठना आम्ही खुशाल जा म्हणालो, नारळही दिला. पण पुढे जे घडले त्यावरून कळले, की शेठनी विचारलेला प्रश्न आम्हांस नीट समजलाच नव्हता.

यार्डातल्या मालाची परीक्षा कशी होते हे तुम्ही पाहिले असेल. पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाताखाली धरायचा. सांगलीची हळद आली की गाठ मोडून आतला रंग पाहायचा, वास घ्यायचा. शेठसारखा पारखी डोळे मिटून सांगेल माल कुठला नि कधीचा. आणि जिथे पारख पुरत नाही तिथे शब्द असतो. लाखांचा माल फोनवरच्या एका 'हो'वर उतरतो, आणि तो 'हो' पाळणारास बाजारात मान असतो. ह्या दोन गोष्टींवर शेठचे आयुष्य उभे होते, आणि त्या दोन्ही त्यांना गाळ्यावर ठेवून जाव्या लागणार होत्या.

खोकल्याच्या औषधात गोडवा आणि दाटपणा यावा म्हणून ग्लिसरीन घालतात. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे दुसरे एक द्रव्य आहे. तेही रंगहीन, तेही दाट, तेही गोड, आणि स्वस्त. ते पोटात गेले की मूत्रपिंडे बंद पडतात. डोळा, नाक, जीभ यांना दोहोंतला फरक कळत नाही. १९३७ साली अमेरिकेत ह्याच द्रव्यात एक औषध विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत लेकरे पुष्कळ. बनवणाऱ्यांनी चव, वास, रंग सगळे पाहिले होते. विष आहे का, एवढे तपासले नव्हते. आपल्या मुंबईत १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषधासाठी नव्हेच असे ते ग्लिसरीन मध्यस्थ व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत रुग्णालयापर्यंत पोचले होते. ज्याने त्याने मागच्यावर विसंबून पिंप पुढे ढकलले. २०२२ साली गांबिया देशात साठाहून अधिक मुले गेली, त्या औषधांत हेच विष सापडले.

आता आमची चूक सांगतो. कारखाना सुरू होऊन काही महिने झाले असतील. यार्डातलेच एक व्यापारी, तेही माळकरी, ज्यांच्या घरी आमची दिंडी दरसाल जेवते, त्यांच्या मुलाने रसायनांचा व्यापार काढला होता. शेठना ग्लिसरीन हवे होते. आम्हीच मध्ये पडलो. "अहो, घरचा माणूस आहे, शब्द देतो," असे आम्ही म्हणालो. पिंप आले. तपासणीच्या बाईंनी ते कुलपात ठेवले आणि नमुना प्रयोगशाळेस पाठवला. अहवाल यायला आठवडा लागणार, काम अडून राहिले. शेठनी बाईंना विनवले, आमचे नाव सांगितले. बाई म्हणाल्या, "महाराजांना माझा नमस्कार सांगा, पण पिंप उघडायचं नाही."

कायदाच तसा आहे. औषध बनवणारा प्रमुख आणि तपासणारा प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. बनवणाऱ्याची घाई तपासणाऱ्याच्या मानेवर बसू नये म्हणून. शेठ आम्हांस म्हणाले, "म्हणजे मला नाही म्हणायला मीच पगारी माणूस ठेवलाय!" हसून म्हणाले, पण त्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. बाजारात बातमी फुटली होती, की शेठनी घरच्या माणसाच्या मालावर संशय घेतला.

अहवाल आला. माल शुद्ध होता. आणि मैत्री तुटली.

आम्हांस पुष्कळ दिवस हे बोचत राहिले. वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो तेव्हा तो कोण, कसा, हे विचारीत नाही. मग पिंपापाशी येऊन आमची श्रद्धा का अडावी? विचार करता करता एक गोष्ट ध्यानी आली. यार्डात शेठ माझ्या शब्दावर पोते घेतात आणि ते खराब निघते, तेव्हा नुकसान शेठचे. विश्वास त्यांचा, तोटाही त्यांचा; तसा विश्वास ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. औषधात विश्वास शेठनी ठेवायचा आणि त्याची किंमत द्यायची कुठल्याशा खेड्यातल्या चार वर्षांच्या पोराने, ज्याला शेठ माहीत नाहीत, व्यापारी माहीत नाही, आणि आम्हीही माहीत नाही. त्या पोराच्या वतीने उदार होण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? बाईंनी व्यापाऱ्याचा अपमान केला नाही. आम्ही मात्र आमचा मोठेपणा दुसऱ्याच्या लेकरावर उधार मांडला होता.

२०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. खोकल्याचे औषध, तेच द्रव्य, वीसहून अधिक मुले. ते वाचल्यावर आम्हांस घरी बसवेना. सकाळीच यार्डात त्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यावर गेलो. गाडी उतरत होती. आम्ही म्हणालो, "तुमचा माल तपासला ही शेठची चूक नव्हती. न तपासता घ्या म्हणालो, ही आमची होती."

त्यांनी वही मिटली नाही. "माझा माल चोख होता ना, महाराज?"

"होता."

"मग?"

आम्ही पिंपाचे, पोराचे, लेंटिन आयोगाचे सांगू लागलो. त्यांनी अर्धे ऐकले. हमालाने उतरलेल्या पोत्यांचा आकडा ओरडून सांगितला, तो वहीत टिपला, आणि मग उठून स्वतः पोती मोजायला गेले. जाता जाता पोऱ्याला म्हणाले, "महाराजांना चहा सांग."