सावलीत मिळवायची मिनिटं

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्रापाशी पहिल्यांदा उभं राहणारा माणूस हमखास मनगटाकडे बघतो. जिन्यासारख्या चढत गेलेल्या तिरक्या भिंतीची सावली शेजारच्या कमानीवर पडते, कमानीवरच्या रेघांवरून वेळ वाचायची. ती घड्याळाशी जुळत नाही. परवा नातवाला घेऊन गेलो, तर तोही तेच म्हणाला, "आजोबा, हे मागे आहे." मी त्याला तक्त्यापाशी नेलं. सावलीच्या वेळेत कोणत्या दिवशी किती मिनिटं मिळवायची, ते त्यात दिलेलं असतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, उज्जैन त्याच्या बरंच पश्चिमेला. इथे सूर्य घड्याळातल्या बारानंतर सरासरी २७ मिनिटांनी माथ्यावर येतो. यंत्र आपल्या गावची खरी वेळ सांगत असतं. आपल्या घड्याळाची हवी असेल, तर फरक मिळवायचं काम आपलं.

क्षिप्रेकाठी सावलीत टेकलो तेव्हा या पोराने मोबाइलवर सी. के. नायडूंची आकडेवारी काढली. घरी इंदूरच्या होळकर संघाचं नाव निघतं, म्हणून त्याला कुतूहल. "कसोट्या ७, धावा ३५०, शतक एकही नाही. एवढंच?"

त्या 'एवढंच'ने मला कळ लागली. तरी पोराचं काय चुकलं? त्याने सावली वाचली, तक्ता कुणी दाखवलाच नव्हता.

जयपूरच्या सवाई जयसिंगांनी उभारलेली उज्जैनची ही पडझड झालेली वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली. त्याच वर्षी पलीकडच्या संस्थानात तुकोजीराव होळकरांनी नागपूरच्या नायडू या तरुणाला इंदूरला बोलावून घेतलं आणि फौजेत हुद्दा दिला. बॅटीच्या जोरावर पोट भरण्याचा आपल्याकडे तेव्हा हाच रस्ता होता: संस्थानिकाचा आश्रय, फौजेतली नोकरी आणि मैदानावर खेळ. इंदूरकरांचे कर्नल सीके ते असे झाले.

डिसेंबर १९२६. मुंबईचं जिमखान्याचं मैदान, समोर आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ, आणि हिंदू संघाकडून सीके. दोन तासांच्या आत १५३ धावा, त्यात ११ षटकार. आजच्या पोरांना ११ षटकारांचं नवल नाही. पण त्या दिवशी गोलंदाजी करत होते राज्यकर्ते. साहेबाच्या खेळात साहेबाचाच चेंडू मांडवांवर जाऊन पडत होता आणि तो उचलून आणायला साहेबच धावत होता. हे बघणाऱ्या माणसाच्या पाठीचा कणा थोडा तरी ताठ झाला असेल, असं मला मनापासून वाटतं. त्याच महिन्यात फलंदाज दि. ब. देवधरांनीही याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. आपल्याला कसोटी खेळता येईल ही गोष्ट गिलिगनला पटली, आणि दोन वर्षांत भारतीय क्रिकेटचं नियामक मंडळ उभं राहिलं. सीकेंचे ते १५३ त्या ३५०मध्ये येत नाहीत, कारण तो सामना कसोटीचा नव्हताच. भारताला कसोटीचा दर्जा मिळायचा होता आणि तो मिळवून देणाऱ्या खेळ्यांपैकी ही एक होती.

नुसत्या आकड्यांवरून ज्याचं मोल कळत नाही असाच एक टोलेबाज अमेरिकेत बेसबॉलमध्ये होऊन गेला, फ्रँक बेकर. मेरीलँडमधल्या ट्रॅपी गावचा शेतकऱ्याचा मुलगा, जवळजवळ दीड किलोची बॅट फिरवणारा. चेंडू कुंपणापार धाडला की त्याला होमरन म्हणतात. बेकरला लोक 'होमरन बेकर'च म्हणत. १९११ च्या अंतिम मालिकेत लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याने मार्क्वार्ड आणि मॅथ्यूसन या नामांकित गोलंदाजांना कुंपणापार टोलवलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आणि त्या वर्षी आपल्या लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले ते किती? ११. सगळ्या कारकिर्दीत ९६. पुढे बेब रूथने १९२७ च्या एकाच हंगामात ६० मारले. हा रूथ सीकेंच्याच वयाचा, दोघांचाही जन्म १८९५चा.

बेकरच्या काळात एकच चेंडू सामनाभर वापरत. तो मळायचा, मऊ पडायचा. गोलंदाजाने त्याला थुंकी लावली तरी चालायचं. असला चेंडू कुंपणापार जाणं मुश्किलच. थुंकीवर बंदी आली आणि पंच मळका चेंडू बदलू लागले ते १९२० च्या सुमाराला. त्या वर्षी बेकर मैदानात नव्हता. बायको वारली होती, घरात दोन लहान मुली होत्या, त्यांच्यापाशी तो राहिला. त्याआधी १९१५ साल पगाराच्या वादात घरी बसून गेलं होतं. ९६ या आकड्यात ही दोन्ही वर्षं आहेत, पण दिसत नाहीत.

सीकेंच्या आकड्यातही अशी न दिसणारी वर्षं आहेत. १९१६ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणीतल्या पहिल्या धावा काढल्या त्या षटकाराने, आणि देशाच्या पहिल्या कसोटीत लॉर्ड्सवर कर्णधार म्हणून उतरले ते १९३२ मध्ये. मधली १६ वर्षं हात भरात, नजर तेज, आणि खेळायला कसोटीच नाही. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना हात दुखावला, तरी पहिल्या डावात आपल्या बाजूने सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. १९३६ पर्यंत भारत सातच कसोट्या खेळला. सातही ते खेळले. पुढे रणजीच्या १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या आणि होळकर संघाने पहिल्यांदा करंडक जिंकला. वय ५०.

हे सगळं नातवाला सांगायचं मनात होतं. पण तो मोबाइलवर बोट सरकवत खाली गेला होता. "आजोबा, ३१ ऑक्टोबर १८९५ ते २५ जून १९३२..." तो बोटांवर वर्षं मोजायला लागला.