खुली प्रणाली, बंद पेटी

सुरतेच्या कापडबाजारातील साडीची नक्षी आज संगणकावर आकार घेते. अशा कामासाठी लिनक्स वापरू इच्छिणाऱ्यास ग्राफिक्स कार्ड निवडताना किमतीपलीकडचा एक प्रश्न पडतो. प्रणाली खुली, कोणीही वाचावी, सुधारावी अशी; पण कार्डाची तिच्याशी गाठ घालून देणारा ड्रायव्हरच बंद असेल, तर त्या खुलेपणाचे मोल काय?

एनव्हिडियाने लिनक्ससाठी वेगवान ड्रायव्हर पुरवला. परंतु त्याची मूळ संहिता दीर्घकाळ झाकून ठेवली. ‘नूव्हो’च्या स्वयंसेवकांना कार्डाचे वर्तन पारखून पर्यायी ड्रायव्हर रचावा लागला. २०१२ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी या कंपनीवर जाहीर टीका केली. एएमडीने २००७ पासून तांत्रिक माहिती खुली करण्यास आरंभ केला होता. एनव्हिडियानेही २०२२ मध्ये नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला.

व्यवहारी माणूस म्हणेल, काम होते ना, मग आत डोकावण्याचा अट्टाहास कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. ज्याची रोजी एनव्हिडियाच्या ‘कूडा’वरच चालणाऱ्या कामावर आहे, त्यास तत्त्वासाठी उपाशी राहा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

तथापि यंत्रमाग बिघडला की कारागीर तो उघडतो. माग बनवणारा कारखाना मिटला म्हणून माग भंगारात जात नाही. बंद ड्रायव्हरचे तसे नाही. कंपनीने जुन्या कार्डाचा पाठिंबा थांबवला की नव्या कर्नलवर धडधाकट कार्डही अडते. पैसे आम्ही मोजतो, वस्तूचे आयुष्य दुसराच ठरवतो.

संहिता वाचता येणारे थोडेच, हे खरे. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये तरी किती नागरिक अर्ज करतात? कोणीतरी फाइल वाचू शकेल, एवढ्या जाणिवेनेच टिपणी लिहिणाऱ्याची लेखणी सावध होते. आम्ही सरकारी सेवेत हे पाहिले आहे.

संपूर्ण शुद्धता मात्र येथेही नाही. एएमडीच्या कार्डांनाही बंद फर्मवेअर लागते, आणि २०२३ च्या डेबियन १२ ने असे फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये घेतले. म्हणून आम्ही तारतम्य मानतो. काम भागत असेल तेथे अधिक खुले कार्ड घ्यावे, जरी वेग थोडा उणा पडला तरी. गरजेपोटी बंद ड्रायव्हर घ्यावा लागलाच, तर ती तडजोड आहे हे स्वतःपासून लपवू नये. पुढील खरेदीच्या वेळी तिचा फेरविचार तरी होईल.