चष्मा साध्य की याप्य?

नंबर उणे आठ, कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा ४८० मायक्रॉन. सरासरी कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत वरचा पापुद्रा उचलला की ११० मायक्रॉन गेले. लेझर एका नंबरामागे साधारण १४ झिजवतो, म्हणजे आणखी ११२. खाली राहिले २५८. किमान मर्यादा २५० मानतात. आज बरेच सर्जन ३०० धरतात. डॉक्टर ‘नको’ म्हणतात आणि लग्नाआधी चष्मा घालवायला आलेली मुलगी हिरमुसते.

हा नकार म्हणजे उपचार नाकारणं की तोही उपचारच?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दहाव्या अध्यायात, रोगांची वाटणी आहे: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि उपायापलीकडचे. याप्य म्हणजे मुळासकट न जाणारा, पण उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा. चरकाच्या काळी चष्मा नव्हता, तरी व्याख्या त्याला चपखल बसते. नाकावर आहे तोवर जग स्पष्ट. काढला की समोरचा माणूसही धूसर.

शस्त्रक्रियेला हे याप्य साध्य करायचं असतं, तेही धडधाकट कॉर्नियाच्या मोबदल्यात. तो मोबदला कधी फार महाग पडतो. लॅसिकनंतर कमकुवत झालेला कॉर्निया पुढे फुगत गेल्याचं नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी १९९८ मध्ये नोंदवलं. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाचे धागे घट्ट करण्याच्या पद्धतीवर २००३ मध्ये आलेल्या शोधनिबंधाच्या लेखकांतही तेच होते.

पातळ कॉर्नियाला वाटा उरतात. पीआरके या लेझर पद्धतीत पापुद्रा कापत नाहीत, म्हणून जाडी वाचते. पण काही दिवस डोळा दुखतो आणि मोठ्या नंबरात कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती असते. कॉर्नियाचा आकारच संशयास्पद असेल, तर तीही वाट बंद. आयसीएल हे भिंग बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, नैसर्गिक भिंगापुढे बसवतात. त्याला आत पुरेशी जागा लागते, मोतीबिंदूचा धोकाही थोडा असतो. मात्र ते काढता येतं. झिजवलेला कॉर्निया परत मिळत नाही. निर्णय मागे घेण्याची मुभा हाच इथला नैतिक फरक.

आणि चष्मा गेला तरी मोठ्या उणे नंबरात लांबट झालेला डोळा आखूड होत नाही. ताणलेल्या नेत्रपटलाला भोक पडण्याचा, ते सुटण्याचा धोका तसाच राहतो. चरकाच्या मापाने मोठा नंबर शस्त्रक्रियेनंतरही याप्यच. म्हणून लॅसिक झालेलं असो वा आयसीएल, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून नेत्रपटल तपासून घ्यावं.