दोन हृदयांचा करारनामा

तुळजापूर तालुक्यातील अणदूरचा खंडोबा वर्षातील बहुतेक काळ अणदुरात आणि उरलेले दिवस नळदुर्गास मैलारपुरात वास करतो. मूर्ती एकच, मंदिरे दोन, आणि देव नेण्याआणण्याविषयी उभय गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करारनामा होतो. एका देवावर दोघांचा हक्क असेल तर तो साक्षीने ठरवावा, इतका विवेक ज्या मुलखाने दाखवला, तेथेच एका देहावर दोन जिवांचा हक्क लागतो तेव्हा हिशेब कोणीच का मांडत नाही, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळतो आहे.

सुश्रुताने चौथ्या मासातील गर्भवतीस द्विहृदया म्हटले, कारण गर्भाचे हृदय तेव्हा व्यक्त होते असे तो मानी; आपले डोहाळे याच कल्पनेच्या गोतातले. सरकारी दवाखान्यातली लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळीही चौथ्या महिन्यापासूनच सुरू होते, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. रोज एक गोळी, तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आणि हा क्रम 180 दिवस. त्या फॉलिक आम्लाचा माग तर आपल्याच मुंबईत लागला : 1928 साली आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गर्भवती गिरणीकामगार स्त्रियांचा पांडुरोग जंतूंचा नसून ताटातल्या उणिवेचा आहे, आणि यीस्टच्या अर्काने तो हटतो, असे दाखवून दिले.

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यापाड्यांतील ज्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, त्यांच्यापैकी एकीबरोबर चंपाषष्ठीच्या नवरात्रात मी एका घरी गेलो होतो. सुनेच्या पापण्यांची आतली बाजू पांढुरकी पडलेली; गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यालगतच्या कोनाड्यात, दोनच गोळ्या फोडलेल्या. “तिला उपास हाय,” सासू म्हणाली, “आन् आमी कुटं गोळ्या खाल्ल्या? लेकरू थोर झालं तर बाळंतपणात अडंल.” भारतवैद्य शांतपणे म्हणाली, “मावशी, गोळीनं उपास मोडत नाही. पोटात मळमळत असंल तर जेवून घ्यावी, लिंबू पिळून पाणी प्यावं. चहासंगं तेवढी नको.”

त्या सासूस मी दोष देणार नाही. तिनेही आपली बाळंतपणे पांढऱ्या पापण्यांनीच काढली असतील. पण तिच्या मुखातून जे बोलत होते त्यास आपण मातेचा त्याग म्हणून पूजत आलो. त्यागास देणाऱ्याचे ज्ञान लागते आणि नकाराची मुभा लागते. गर्भारपणात सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह अधिक खर्ची पडते, आणि आईची गंगाजळी रिती असली तरी गर्भ आपला वाटा बव्हंशी काढून घेतो. तिला न विचारता, सर्वांच्या मागून जेवावयास बसवून झालेल्या या वसुलीस धर्म म्हणण्यास माझे मन धजत नाही. भृगूला तपाअंती ब्रह्माची पहिली ओळख अन्नाच्या रूपाने पटली, असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. तेच अन्न घरातल्या एका स्त्रीपुरते उरलेसुरले कसे होते?

डोहाळजेवणात तिला काय आवडते ते आपण अगत्याने विचारतो, पण गर्भाच्या नावाने. म्हणून खरी कसोटी मला प्रसूतीनंतर दिसते. पुढचे 180 दिवस गोळी घ्यावयाचीच असते, आणि आता तर पोटात दुसरे हृदय नसते. बारसे आटोपते, पाळणा हलू लागतो, लेकराच्या लशीची तारीख घरातल्या सर्वांना तोंडपाठ असते. आणि कोनाड्यातली ती पट्टी, दोन गोळ्यांवर थांबलेली, कोणी हातात घेत नाही.