हिरडीतलं रक्त आणि दादाची साखर

पापडी, वसई

चि. सायलीस,


दात घासताना रक्त येतं म्हणून तू ब्रश बदललास, असं वहिनीकडून कळलं. दोष ब्रशचा नाही गं. सकाळी विरार लोकल गाठायची म्हणून दात कसेबसे उरकायचे, रात्री अंगात त्राण नसतं म्हणून तसंच झोपायचं. तुझ्या डब्यातल्या कितीतरी जणींचं हेच असेल. पण निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही.

दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर बसतो. तो साचला की कडक होतो, त्याचं कीटण बनतं आणि ते कुठल्याच ब्रशने निघत नाही. तिथली हिरडी सुजते, दातापासून सुटते. दातांचे डॉक्टर खुणांची बारीक सळई त्या फटीत घालून खोली मोजतात आणि मदतनीस लिहून घेते: दोन, तीन, दोन, पाच, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच-सहा म्हणजे बहुधा आतलं हाडही झिजू लागलंय. दुखत मात्र काही नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. आजार पसरलेला असेल तर दातांभोवतीची सुजलेली जागा मिळून ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते. एवढी जखम पायावर असती तर दादाने त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

दादाचं नाव मुद्दाम काढलं, त्याला मधुमेह आहे ना. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, कारण ती सूज रक्तावाटे अंगभर पोचते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत मधुमेह्यांचं एचबीएवनसी, म्हणजे काही महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. गोळ्या, पथ्य, चालणं सगळं चालूच ठेवायचं. त्यावर एवढा फायदा थोडा नाही. नर्सच्या नोकरीत मी पाहिलं, मधुमेह्याचे पाय बघतात, डोळे बघतात, पण ‘आ करा’ कुणी म्हणत नाही. याची मला फार चीड येते.

हृदयाच्या बाबतीत घाबरवणारे मेसेज फिरतात, त्यांवर जाऊ नकोस. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे खरं, पण तंबाखू, साखर आणि वय दोन्हींच्या मागे असतात. हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याचं खापर दातांवर फोडून डॉक्टरांनी लोकांचे चांगले दात उपटले होते. तसला अतिरेक पुन्हा नको. हृदयात कृत्रिम झडप असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांना ते आधीच सांगायचं.

आता मशेरी. तुझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका लागायचा. मग तळहातावर चिमूटभर घेऊन बोटाने हिरड्यांवर चोळत बसायची. दात घट्ट होतात, ही तिची ठाम समजूत. अजूनही आपल्याकडे पुष्कळ बायका लावतात. हिरडीवर चोळलेलं निकोटिन थेट रक्तात जातं. २००४ मध्ये मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू, बहुतेक मशेरीच, लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. तुझ्या शेजारच्या पोटुशी सुनेला हे समजावून सांग, रागावू नकोस. लागलेली सवय एका शब्दाने सुटत नाही.

‘सफाई केली की दात हलतात’ असं वहिनी म्हणेल. हाड झिजलेला दात आधीच सैल असतो. कीटण निघालं आणि सूज उतरली की ते जाणवतं, इतकंच. तू या रविवारीच दाखवून ये, दादालाही ने. त्याचा शेवटचा साखरेचा रिपोर्ट बरोबर घे आणि मोजलेले आकडे कागदावर मागून घे. उपचारांनंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि दोन्ही कागद मला दाखव.

तुझी,
आत्या